तिसरी परीक्षा, दुसरा मजला

"या वेळी घरात पाणी दिसलं तर काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"आधी नळ बंद करायचा," टेप म्हणाला.

"आणि समोरचा माणूस बसमध्ये चढला तर?"

"आपण चढायचं नाही."

"छान," बाई म्हणाल्या. त्या मिशनच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख होत्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी रुग्णालयात नर्सचं काम केलं होतं, त्यामुळे त्यांचं 'छान' ऐकलं की आपल्याला अजून थोडा ताप आहे असं ऐकणाऱ्याला वाटे.

टेपचं खरं नाव केंद्राच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बावीस वर्षांचा उंच, किंचित पुढे झुकलेला मुलगा. मिशनरी व्हायचं म्हणून तो इथे आला, आणि आठवड्याभरात त्याला हे नाव पडलं. अनोळखी घराचं दार वाजवल्यावर काय बोलावं, याचं सात मिनिटांचं निवेदन केंद्रात शिकवत असत. इतरांना ते यायला महिना लागला, टेपला चार दिवस. अडचण एवढीच, की मध्येच कुणी बोललं, शिंकलं किंवा नुसती खुर्ची सरकवली, तर तो असेल तिथून थेट "नमस्कार, आपला दिवस चांगला जावो" इथे परत येई. याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पाठ केलेलं संपलं की त्याच्यापाशी काही उरतच नसे. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की तोंडाला कोरड पडायची. म्हातारी माणसं कठडा धरून जिना उतरतात, तसा तो निवेदन धरून माणसांत उतरायचा.

केंद्राची परीक्षा मात्र कागदावर नव्हती. शहरातले काही हौशी स्वयंसेवक आपापल्या घरात कुणीतरी बनून बसत. कुणी रागीट मामा, कुणी बहिरी आजी, कुणी घाईतला कारकून. उमेदवाराने त्या घरी जायचं, तासभर काढायचा आणि निघताना गुणपत्रिका त्यांच्या हातात द्यायची. स्वयंसेवकांना एकच सक्त ताकीद होती. गुणपत्रिका हातात पडेपर्यंत सोंग सोडायचं नाही. उमेदवाराने हातापाया पडून विचारलं, तरी "मी खरंच तसा आहे" असंच म्हणायचं. नियमावलीतलं हे चौथं कलम उमेदवारांनाही ठाऊक होतं.

पहिल्या परीक्षेत एका गृहिणीने स्वयंपाकघरातला नळ बिघडल्याचं सोंग केलं. सोंग रंगात आलं आणि नळ खरोखरच हातात आला. टेप घोटाभर पाण्यात उभा राहून मनःशांतीबद्दल बोलत राहिला. दुसऱ्या परीक्षेत घाईतला कारकून बोलता बोलता बसमध्ये चढला, म्हणून टेपही चढला. कारकून पुढच्याच थांब्यावर उतरून घरी गेला. निवेदन संपलं तेव्हा टेपच्या समोर कंडक्टर होता. कंडक्टरला ते आवडलं होतं, पण गुण द्यायचा अधिकार त्याला नव्हता.

"आता तिसऱ्यांदा गाडी अडली तर..." बाई थांबल्या.

"तर पुस्तकांचं गोदाम," टेप म्हणाला.

बरोबरचे सगळे शुक्रवारी पहाटे नेमणुकीवर निघणार होते. जो नापास होईल त्याने मागे राहून पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे. तिथे दिवसेंदिवस कुणाशी बोलावं लागत नाही, असं ऐकिवात होतं. टेपला भीती होती ती याचीच. गोदाम त्याला आवडलं असतं.

बाईंनी चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर इमारतीचा पत्ता, चौथा मजला, डावीकडचं दार, एवढंच होतं. नाव नव्हतं, ते विचारून घेणं हाही परीक्षेचाच भाग.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "जरा ऐकून घेत जा रे बाबा. तू माणसाशी बोलतोस की दाराशी, तेच कळत नाही."

इमारत पाच मजली होती आणि लिफ्ट तिच्यापेक्षा म्हातारी वाटत होती. टेपने चारचं बटण दाबलं आणि डोळे मिटले. दार वाजवण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची ही केंद्राची शिस्त होती. लिफ्टमध्ये करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. 'मला योग्य दार दाखव,' असं त्याने अगदी मनापासून मागितलं. त्याच क्षणी लिफ्ट थांबली, टेपने डोळे उघडले, आणि समोर दार उघडलेलं होतं. इतक्या तत्पर उत्तराची त्याला सवय नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालायला निघालेल्या एका बाईने दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवली होती. तिच्या बादलीला वळसा घालून तो बाहेर पडला, डावीकडे वळला आणि बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका माणसाने. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, हातात पाना.

"नमस्कार, आपला दिवस चांग—"

"दोन्ही हात चालतात ना तुझे?"

"हो."

"मग आत ये, पकड."

"नमस्कार, आपला—"

"अरे, पकड आधी! पायावर पडेल माझ्या!"

खोलीच्या मधोमध लोखंडी पायांवर लाकडी पाट होता आणि त्याच्यावर शिलाई मशीनचं डोकं तिरकं टेकवलेलं होतं, आत्ता पडतं की मग पडतं अशा बेतात. टेपने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं. धरल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो कौतुकाचा. केंद्राने या वेळी तयारी जोरात केली होती. मशीन काय, ग्रीसचा वास काय, बनियनला पडलेलं भोक काय!

"काका, मी कोण, कुठून आलो, हे तुम्ही विचारणार नाही?"

"सकाळपासून अख्ख्या इमारतीत फिरलो. सगळ्यांची पाठ धरलीये. तू कुणी का असेनास, पाठ सरळ आहे ना? झालं तर मग."

त्यांना सगळी इमारत पेंटर म्हणायची. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाना घेऊन ते मशीनखाली उताणे झोपले आणि बोल्ट आवळू लागले.

"आता चाक फिरव जरा. हळू."

टेप चाक फिरवायला वाकला. केंद्राचा नेमून दिलेला गडद निळा टाय त्याच्याआधी वाकला. चाक फिरलं, टाय चाकाच्या आणि पट्ट्याच्या मधे शिरला, आणि टायच्या मागोमाग टेपही गेला. तो थांबला तेव्हा त्याचा गाल मशीनच्या थंड पत्र्यावर होता आणि सुई भुवईच्या दोन बोटं वर.

"थांबलास का? फिरव की."

"काका, मी अडकलोय."

पेंटर खालून सरपटत बाहेर आले. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर आणला आणि एखाद्या पाटीवर एक अक्षर चुकलेलं असावं, तसं टेपकडे मान तिरकी करून पाहिलं.

"कापावा लागेल."

"नको नको! भेट संपेपर्यंत टाय गळ्यातून काढायचा नाही. नियम आहे."

"मग पट्टा सैल करायला पाहिजे. त्याला बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो कुठे असतो ते हिला माहीत."

"मग काकूंना विचारा ना."

एक खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"ही इथे नाही," ते म्हणाले. "पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे जाऊन राहिलीये. नऊ दिवस झाले."

टेपने मनातल्या मनात मान डोलावली. आता कुठे प्रश्नपत्रिका हातात पडली होती! त्याने उत्साहाने "नमस्कार, आपला दिवस" सुरू केलं, पण गाल पत्र्यावर दाबला गेल्याने ते सगळं नाकातून आलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. निवेदन करता येत नव्हतं, निघून जाता येत नव्हतं, मानही हलवता येत नव्हती. बाईंनी महिनाभर जे सांगून पाहिलं होतं, ते टायने एका झटक्यात जमवलं. टेप ऐकू लागला.

"हे मशीन हिच्या आईचं," खण उपसता उपसता पेंटर सांगत होते. "लग्नात बरोबर आलं. दहा वर्षं झाकून पडलं होतं, खिडकीचा कोपरा अडवून. मागच्या महिन्यात ही बहिणीकडे राहायला गेली चार दिवस, तेव्हा मी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. तिथे एक आरामखुर्ची आणून ठेवली. हिच्यासाठीच रे! म्हटलं, बसेल उन्हाला पाय सोडून."

"मग?"

"मग आली. खुर्चीकडे बघितलं. मला वाटलं, आता बसेल. तर म्हणाली, 'मशीन?' मी म्हटलं, 'गेलं एकदाचं.'" खण उघडण्याचा आवाज थांबला. "'एकदाचं' म्हणायला नको होतं."

"नको होतं," टेप म्हणाला.

"आरडाओरडा केला असता, भांडी आपटली असती, तर बरं वाटलं असतं. तिने पंधरा दिवस नुसतं काम केलं. एक शब्द नाही. मग एक दिवस पिशवी भरली आणि निघाली. दारातून म्हणाली, 'दूध तापतंय, बघा.' बस."

"दूध बघितलंत?"

"कसलं बघतोय! हिच्याकडेच बघत उभा राहिलो. सगळं उतू गेलं. त्या दिवसापासून मशीन शोधतोय. भंगारवाल्याने दुसऱ्याला दिलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. डोकं एका दुकानात मिळालं, पाय भलत्याच. काल आणून टाकलं इथे." ते जवळ येऊन उभे राहिले. "जोडीनही. पण पुढे काय बोलू? बेचाळीस वर्षांत 'माझं चुकलं' म्हणायची वेळच आली नाही."

"कधीच चुकला नाहीत?"

"चुकलो की. म्हणायची वेळ आली नाही. त्याच्या आधी हीच विषय बदलायची."

टेपला फक्त जमीन दिसत होती, आणि जमिनीवर पेंटरांच्या चपला. डाव्या चपलेशेजारी टपकन एक थेंब पडला. मग आणखी एक.

टेप थक्क झाला. खरे थेंब! घाईतल्या कारकुनाला हे सात जन्मांत जमलं नसतं. "खरं सांगतोय रे मी," पेंटर वर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घर खायला उठतं," आणि टेपला चौथं कलम आठवून त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला. हा माणूस स्वयंसेवकांमधला कसलेला नट असणार. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि निवेदनात त्या जागी काहीच नव्हतं.

"सुयांच्या डब्यात बघा," तो म्हणाला.

"काय?"

"स्क्रू ड्रायव्हर. माझी आई तिथेच ठेवते."

स्क्रू ड्रायव्हर तिथेच होता. स्क्रू मात्र गंजलेला निघाला, आणि शेवटी काकूंची मोठी कात्री आणून टाय कापावाच लागला. नियमाचे दोन तुकडे झाले. टेप ताठ उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात चार बोटं टाय उरला होता आणि गालावर पत्र्याची नक्षी उमटली होती. पट्टा पुन्हा चढवून दोघांनी चाक फिरवून पाहिलं. मशीन खडखडलं, कुरकुरलं आणि चालू लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. पेंटरांनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मेहुणी होती. ही निघालीये म्हणे, उरलेले कपडे न्यायला. दहा मिनिटांत पोचेल." त्यांनी टेपचा दंड धरला. "उरलेले कपडे म्हणजे काय रे? म्हणजे सगळंच नेणार का? मी काय बोलू?"

"तुम्हाला काय वाटतं, काय बोलावं?"

पेंटरांनी विचार केला. "तसदीबद्दल क्षमस्व?"

"काका, ते खोदलेल्या रस्त्यावर लावतात."

"मला तेवढंच येतं. शेकड्याने रंगवल्यात त्या पाट्या."

टेपला इथे पहिल्यांदाच आपली विद्या कामी येईल असं वाटलं. "पाठ करा," तो म्हणाला. "मी लिहून देतो. एकदा पाठ झालं की भीती जाते." त्याने पत्त्याच्या चिठ्ठीच्या पाठीमागे भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "नमस्कार, आपला दिवस चांगला जावो. मी आपल्यासाठी एक आनंदाची वार्ता घेऊन—"

"आनंदाची वार्ता? मशीन भंगारात घातलं मी तिचं!"

"बरं, ते खोडतो."

बरंच खोडल्यावर तीन वाक्यं उरली. मशीन आणलं आहे. माझं चुकलं. खुर्ची तुला नको असेल तर काढून टाकू. पेंटरांनी ती चार वेळा वाचली.

"इथे बसून सोपं वाटतं," ते म्हणाले. "दारात ती समोर आली की सगळं पुसलं जाईल."

"मग दारातच सराव करू. आमच्याकडे तसंच करतात. तुम्ही बाहेर जा आणि बेल वाजवा. मी काकू."

"तू?"

"कशा बोलतात काकू?"

"हळू. जितकी हळू बोलेल तितकं जपून राहायचं."

पेंटर स्वतःच्याच घराबाहेर जाऊन उभे राहिले. दार बंद झालं. बेल वाजली.

"कोण आहे?" टेपने आतून बारीक आणि अतिशय हळू आवाजात विचारलं.

"अगं, मी."

"काका, 'अगं, मी' कागदावर नाही."

पुन्हा बेल. या वेळी पेंटरांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसऱ्याच्या जागी तिसरं म्हटलं. तिसऱ्यांदा बेल वाजली. मग दारापलीकडून ते बोलू लागले, पण त्यातलं काही चिठ्ठीवर नव्हतं.

"अगं, नऊ दिवस झाले, रोज दूध उतू जातंय. मी समोर उभा असतो तरी जातं. ते मशीन म्हणजे तुझी आई होती, हे मला बेचाळीस वर्षांत दिसलं नाही. मला जुनं लोखंड दिसलं. मी पाट्या रंगवणारा माणूस, मला जे लिहिलेलं असतं तेवढंच वाचता येतं. तू कधी लिहून ठेवलं नाहीस. नाही, तुझं नाही, माझंच चुकलं. माझंच."

आत टेप दाराला कान लावून उभा होता. काकूंनी यावर काय म्हणावं, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

"पुन्हा असं नाही ना करणार?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"नाही."

"मग या आत."

त्याने दार उघडलं. दारात डोळे पुसत पेंटर उभे होते. त्यांच्या मागे, जिन्याच्या वरच्या पायरीवर, रिकामी पिशवी हातात धरून एक बाई उभ्या होत्या. लिफ्ट गच्चीवर अडकल्यामुळे त्या जिन्याने आल्या होत्या आणि त्यांना येऊन बराच वेळ झाला असावा. त्या दारातल्या उंच मुलाकडे, त्याच्या चार बोटं टायकडे आणि त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या आपल्या कात्रीकडे पाहत होत्या.

"'या आत' म्हणणारा हा कोण?" त्यांनी विचारलं. फार हळू.

टेपला आनंद आवरेना. दुसरं पात्र! केंद्राने एका परीक्षेला दोन दोन माणसं लावली होती, आणि प्रवेश तरी काय साधला होता! त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"कमाल केलीत काकू! आणि काका, तुमचं ते रडणं! मी बघितलं ना, मशीनवर अडकलो होतो तेव्हा. चपलेजवळ खरे थेंब पडले. कसं जमतं हो तुम्हाला?" त्याने खिशातून गुणपत्रिका आणि पेन काढलं. "इथे गुण द्या, इथे सही."

गुणपत्रिका कुणीच घेतली नाही. काकू टेपकडे बघतही नव्हत्या.

"तुम्ही रडलात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"छे. मशीनचं तेल उडालं डोळ्यात."

"आणि पडलं चपलेजवळ?"

काकूंनी पिशवीची घडी घातली, मग ती घडी आणखी लहान केली. इतकं लांबलचक बोलूनही पेंटर ज्या जागी पोचले असते की नाही कुणास ठाऊक, तिथे टेपने त्यांना टाळ्या वाजवत नेऊन सोडलं होतं. त्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. पेंटरांनी एव्हाना त्याच्या हातातली गुणपत्रिका ओढून घेतली होती आणि ती डोळ्यांजवळ धरून ते वाचत होते.

"'सोंग उत्तम वठवल्याबद्दल स्वयंसेवकांचे आभार.' कसलं सोंग?"

"असू दे काका, आता सांगितलं तरी चालतं. परीक्षा झाली."

"कसली परीक्षा? कोण स्वयंसेवक?"

"चौथा मजला, डावीकडचं—"

"हा दुसरा मजला आहे, लेका."

टेपच्या पायाखालून दुसरा मजला सरकला. मशीन, ग्रीस, बनियनचं भोक आणि ते दोन थेंब, सगळं एकदम खरं झालं. त्याने तोंड उघडलं. "नमस्कार" ओठांपर्यंत आलं आणि तो ते गिळून बसला. घशाला कोरड पडली होती, तरी तो बोलला.

"काका, मला वाटलं तुम्ही खोटं रडताय. मी... मी मजा घेत होतो हो. तुम्ही एवढं सांगत होतात आणि मी मनात गुण देत होतो. माझं चुकलं."

पेंटर त्याच्याकडे बघत राहिले. "हे कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी नाही."

"मग नशीबवान आहेस. मला बेचाळीस वर्षं लागली."

काकू एव्हाना आत जाऊन मशीनसमोर बसल्या होत्या. त्यांनी पाटावरून हात फिरवला, चाकाला बोट लावलं आणि वाकून खाली पाहिलं.

"पट्टा उलटा चढवलाय," त्या म्हणाल्या. "दोघं होतात ना? चार डोळे?" आणि मग, वर न बघता, "तो टाय आण इकडे."

टाय जोडून झाला तो पहिल्यापेक्षा वीतभर आखूड. टेपने तो तसाच बांधला आणि जिना चढून चौथ्या मजल्यावर गेला. तिथे एक निवृत्त हेडक्लार्क एकाकी वृद्धाचं सोंग घेऊन सकाळपासून बसले होते. तीन तास कुणीच न आल्याने ते खरोखरच एकाकी झाले होते, आणि त्या रागात त्यांनी आपल्याकडच्या कागदावर 'गैरहजर' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

दुपारी टेप बाईंच्या खोलीत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मधे दोनदा शिपाई आला, एकदा खिडकी आपटली. बाईंनी तिन्ही वेळा पेन्सिल उचलून ठेवली, पण टेप कुठूनही मागे गेला नाही.

"गैरहजर म्हणजे नापास," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो बाई."

"गोदामाचं काही म्हणणं आहे?"

"जाईन की. फक्त..." त्याला शब्द शोधावे लागले. "आधी मला वाटायचं, तिथे मला बरं वाटेल. आता नाही वाटणार."

बाईंनी वही मिटली. टेबलावरचा फोन त्यांनी उगाचच दोन इंच डावीकडे सरकवला.

"किती दिवस गेली होती म्हणालास ती बाई?"

"नऊ."

"नऊ दिवस," बाई म्हणाल्या. "मला अकरा वर्षं झाली."

टेपला कळलं नाही.

"माझा भाऊ. आई गेली त्या दिवशी त्याने वॉर्डमध्ये फोन केला होता. म्हणाला, 'लगेच ये.' मी म्हटलं, शिफ्ट संपली की निघते. दोन तास राहिले होते फक्त. पोचले तेव्हा सगळं झालेलं. तो म्हणाला, 'तू जगाच्या आयांची सेवा करत बस.' मीही काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. त्याला आठवत असेल."

टेप सावध झाला. ही चौथी परीक्षा असेल का? नियमावली बाईंनीच लिहिली होती. विचारलं असतं तर "खरंच" असंच म्हणाल्या असत्या, खरं असो वा नसो. त्याने नजर खाली नेली. बाईंच्या चपलेशेजारची फरशी कोरडी होती, पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं; नर्सबाईंनी आयुष्यात कुणापुढे थेंब पडू दिला नसणार. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा गुण द्यायला बसलो आहोत.

त्याने खुर्ची ओढली आणि बाईंच्या समोर बसला. त्यांनी बसायला सांगितलं नव्हतं, पण ऊठही म्हटलं नाही. त्या भावाबद्दल सांगत राहिल्या. लहानपणी तो त्यांची वेणी सायकलला बांधायचा, अजून त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याच्या मुलीचं लग्न झालं ते त्यांना तिसऱ्याकडून कळलं. टेप ऐकत राहिला.

"नंबर आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"पाठ आहे."

"काय बोलायचं ते लिहून देऊ?"

"नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग ती थांबली. "हॅलो?" एक वयस्क, मोठा आवाज खोलीभर ऐकू आला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा. "हॅलो? कोण बोलतंय?"

बाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. टेपला शंभर गोष्टी सुचल्या आणि तो त्यांतली एकही बोलला नाही.

"मी," बाई म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो मोठा आवाज, आता बराच लहान होऊन, म्हणाला, "जेवलीस का?"

बाईंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि चेहरा खिडकीकडे वळवला.

"तू अजून इथेच? जा, सामान बांध. शुक्रवारची गाडी पहाटेची आहे."

"पण बाई, गैरहजर—"

"दार लावून घे जाताना."

टेपने दार लावलं. पण लगेच पुढे गेला नाही. कुठेही न अडखळता सात मिनिटं कसं बोलावं, हे आजवर चारशे उमेदवारांना शिकवलेल्या बाई आत दर दोन शब्दांना अडखळत होत्या.